दोन हातांचं बीपी

आमच्या घरात बीपी हा आजार मानला जात नाही, स्वभाव मानला जातो. आजोबांना बीपी होतं म्हणजे ते तापट होते. मोठ्या काकूला बीपी आहे म्हणजे तिच्यासमोर जमिनीच्या वाटणीचा विषय काढायचा नाही. त्यामुळे सव्विसाव्या वर्षी माझं बीपी १७८/११२ निघालं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "एवढं कसलं टेन्शन घेतेस?"

टेन्शन नव्हतं असं नाही. हिंजवडीला जाऊन-येऊन रोजचे तीन तास, एप्रिल आला की अप्रेझल, आणि दर रविवारी साताऱ्याहून फोनवर एक नवीन स्थळ. पण फ्लॅटमध्ये माझ्यासोबत राहणाऱ्या दोघींचंही तेच चाललं होतं. त्यातली एक तर माझ्यापेक्षा दुप्पट रडायची. तिचं बीपी ११०/७०.

हे सापडलं ऑफिसातल्या रक्तदान शिबिरात. तिथल्या डॉक्टरने दोनदा पट्टा बांधला, दोनदा सोडला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं रक्त नाही घेता येणार. आधी स्वतःचं बघा." बिस्किटांचा पुडा मात्र दिला.

पुढच्या सहा-सात महिन्यांत एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. तिसरी लघवी वाढवणारी होती. बीपी १६५ च्या खाली यायला तयार नव्हतं. मी लोणचं सोडलं, पापड सोडला, रात्री अकराला मोबाइल बाजूला ठेवायला लागले. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "प्राणायाम करता का?" मी हो म्हणायचे, आणि करतही होते. आता मला माहीत आहे की एक गोळी लघवीची धरून तीन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही बीपी हटत नसेल, तर त्याला 'रेझिस्टंट हायपरटेन्शन' म्हणतात आणि तिथे थांबून कारण शोधायचं असतं. त्यात माणूस तिशीच्या आतला असेल तर नक्कीच. पण माझ्या वयाच्या मुलीला बीपी म्हटलं की कारण आधीच ठरलेलं असतं: लग्न ठरत नाहीये.

गंमत पुढेच होती. साताऱ्याला गेले की आई मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्यायची. त्यांच्या दवाखान्यात पेशंटचं स्टूल टेबलाच्या उजव्या अंगाला आहे, त्यामुळे पट्टा आपोआप डाव्या हाताला बांधला जातो. तिथे माझं बीपी यायचं १२४/८०. आई विजयी मुद्रेने बाहेर पडायची. "बघ, घरी आलीस की उतरतं. पुण्याची हवाच खराब." तिने ऑनलाइन मशीन मागवलं, आणि पट्टा डाव्याच हाताला बांधायचा असा नियम केला, कारण पुस्तिकेतल्या चित्रात तसंच होतं. पुण्याचा दवाखाना उजव्या हातावर मोजायचा. तीन महिने आमच्या घरात कुठलं मशीन खोटं बोलतंय यावर वाद चालला. मशीन एकही खोटं बोलत नव्हतं.

डावा हात तसा आधीपासून कुरकुरत होता. दोरीवर कपडे वाळत घालताना, केस बांधताना तो भरून यायचा, जड व्हायचा. एका हाडांच्या डॉक्टरने खांदा आखडलाय म्हणून व्यायाम दिले होते. खांदा आणि बीपी यांचा काही संबंध असेल असं कोणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं.

संबंध लावला तो एका पन्नाशीच्या फिजिशियन बाईंनी. त्यांनी फाइल उघडलीच नाही. समोर बसवलं आणि माझी दोन्ही मनगटं एकाच वेळी धरली, फुगडी घालायची असल्यासारखी. डोळे मिटून अर्धा मिनिट तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "डाव्या हाताची नाडी मला जेमतेम लागतेय. तुला कधी कोणी सांगितलं नाही?" पट्टा आधी उजव्या हाताला बांधला: १८२/११४. मग डाव्या: १२६/८२. मग झोपवून स्टेथोस्कोप पोटावर ठेवला, बेंबीच्या जरा वर, उजवीकडे. तिथे काय ऐकताय म्हणून विचारलं, तर त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात दिला. ठोक्यागणिक एक फुसफुस ऐकू येत होती, अर्धवट बंद केलेल्या नळासारखी.

"हे टेन्शन नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं की पुढचं नीट ऐकूच आलं नाही.

*

पुढचं असं होतं. सीटी अँजिओग्राफीत दोन गोष्टी दिसल्या. डाव्या हाताला रक्त नेणारी मोठी धमनी खांद्याजवळ अरुंद झाली होती. म्हणजे डाव्या हातावरचा १२६ हा आकडा माझ्या शरीराचा नव्हताच, तो फक्त त्या अरुंदीच्या पलीकडे पोचणाऱ्या रक्ताचा होता. खरा दाब उजव्या हातात होता. आणि उजव्या किडनीची धमनी, महाधमनीतून निघते तिथेच, जवळपास नव्वद टक्के बंद होती. उजवी किडनी डावीपेक्षा दोन सेंटीमीटरने लहान झाली होती.

किडनीची नळी अरुंद झाली तर तिला रक्त कमी मिळेल, हे समजतं. पण मग सगळ्या अंगाचं बीपी का वाढावं? मला हे समजलं ते आमच्या सोसायटीच्या पाण्यावरून. समजा, चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटची पाइप आतून गंजून बारीक झालीय. नळाला धार येत नाही. त्या फ्लॅटमधल्या काकूंना वाटतं की पाणी सगळ्या बिल्डिंगलाच कमी येतंय. त्या सेक्रेटरीला रोज फोन करतात, "पंप वाढवा." सेक्रेटरी वैतागून प्रेशर वाढवतो. काकूंच्या नळाला जराशी धार येते, पण बाकी अकरा फ्लॅटमध्ये नळ गळायला लागतात, गीझरचे जोड सुटतात. काकूंचं समाधान होत नाही, त्या पुन्हा फोन करतात.

किडनी त्या काकूंसारखी आहे. दोन्ही किडन्यांचं वजन मिळून तीनशे ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांना लागतो. आपल्याकडे रक्त कमी येतंय असं वाटलं की किडनी रेनिन नावाचं द्रव्य सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतं. शिवाय ते अल्डोस्टेरॉन वाढवतं, त्यामुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं. दाब चढतो. डोळ्यांचा पडदा, मेंदू, हृदय, आणि दुसरी धडधाकट किडनी, सगळ्यांना तो वाढलेला दाब सोसावा लागतो. तक्रार एकीची, भोगायचं सगळ्यांनी.

रेनिनचा शोध १८९८ चा. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला आणि त्यांचं बीपी चढलं. त्यानंतर ती गोष्ट बरीच वर्षं अडगळीत पडली. मग अमेरिकेत क्लीव्हलँडला हॅरी गोल्डब्लाट या पॅथॉलॉजिस्टने एक सरळ प्रयोग केला. बीपी असलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात त्याला किडनीच्या धमन्या अरुंद दिसत होत्या. डॉक्टरांचा समज असा की बीपीमुळे धमन्या खराब होतात. त्याने उलटा प्रश्न विचारला: आधी धमनी अरुंद केली तर? चांदीची छोटी चिमटी करून त्याने कुत्र्यांच्या किडनीच्या धमन्या थोड्या थोड्या आवळल्या. बीपी चढलं आणि चढलेलंच राहिलं. हे १९३४ साली छापून आलं. हे वाचताना त्या कुत्र्यांबद्दल वाईट वाटलं, आणि माझ्या आत अशीच एक चिमटी कोणीतरी लावून ठेवलीय असंही वाटलं.

ती कोणी लावली, तर माझ्याच प्रतिकारशक्तीने. आजाराचं नाव टाकायासू आर्टरायटिस. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांना सूज येते, भिंती जाड होतात, नळ्या आतून अरुंद होत जातात. मिकितो टाकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ. १९०८ मध्ये त्यांनी एका तरुण मुलीच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या विचित्र रक्तवाहिन्यांची केस सहकाऱ्यांसमोर मांडली. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडेही असे डोळे असलेल्या पेशंट आहेत, आणि त्यांच्या मनगटाला नाडी लागत नाही. बहुतेक पेशंट बायका, बहुतेक चाळिशीच्या आतल्या. जपानमध्ये हा आजार जास्त करून छातीतल्या, मानेकडे जाणाऱ्या फांद्यांना धरतो. भारतात पोटातली महाधमनी आणि किडनीच्या धमन्या अधिक सापडतात. म्हणून आपल्याकडे तो पुष्कळदा बीपी बनून समोर येतो. आणि तरुण मुलीच्या बीपीला आपण काय म्हणतो, ते वर आलंच आहे.

*

मला वाटलं होतं, नळी बंद आहे तर उद्याच उघडतील. तसं झालं नाही. "भिंतीला आग लागलेली असताना रंगकाम करत नाहीत," फिजिशियन बाई म्हणाल्या. सूज चालू असताना फुगा किंवा स्टेंट घातला तर धमनी पुन्हा बंद होण्याची शक्यता वाढते. आधी सूज विझवायची. म्हणून स्टेरॉइड, आणि रविवारी मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच.

ते आठ महिने सर्वांत अवघड गेले. चेहरा चंद्रासारखा गोल झाला. रात्री दोनला भूक लागायची. ऑफिसात एकीने विचारलं, "गुड न्यूज आहे का?" आईने त्या काळात माझा एकही फोटो काढला नाही, आणि स्थळांचे फोन आपोआप थांबले. दर महिन्याला ईएसआर आणि सीआरपी बघायचे. ईएसआर ६८ वरून १४ वर यायला पाच महिने लागले. बीपीच्या गोळ्या चार झाल्या होत्या. मी एक वही केली होती: तारीख, उजवा हात, डावा हात. दोन रकाने दोन वेगवेगळ्या मुलींचे वाटायचे.

याच काळात ओपीडीच्या बाकावर मला एक काका भेटले. अकलूजकडचे, सत्तरीचे, सोबत सून. त्यांची हृदयाची अँजिओप्लास्टी झालेली, आणि तेव्हाच किडनीची एक धमनीही सत्तर टक्के अरुंद दिसली होती. आम्ही एकमेकांचे रिपोर्ट वाचले, बाकावर सगळेच वाचतात तसे. त्यांना कळलं की मला स्टेंट लागू शकतो म्हणून सांगितलंय, तर ते म्हणाले, "मग मला का न्हाई म्हनत्यात? काळजाच्या नळीत घातला, किडनीच्या नळीत घालायला काय झालं? शेतकरी गडी, पैसं देनार न्हाई असं वाटतंय व्हय त्यांना?"

मला याचं उत्तर देता येईना. म्हणून माझ्या वेळी डॉक्टरांना विचारलं, आणि त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोन अभ्यासांची नावं सांगितली, मी नंतर दोन्ही शोधून वाचले. १९७८ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिगने फुग्याने किडनीची धमनी उघडल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने हृदयाच्या धमनीत तो वापरला होता, आणि सुरुवातीचे फुगे तो स्वतःच्या स्वयंपाकघरात बनवायचा. पुढे स्टेंट आले, म्हणजे धमनीत बसून राहणारी धातूची जाळी, आणि कुठे अरुंदी दिसली की स्टेंट घालायचा असा रिवाजच पडला. बंद नळी उघडली की फायदा होणारच, हे इतकं उघड वाटत होतं की नीट तपासायला फार वर्षं गेली. तपासलं तेव्हा भलतंच निघालं. २००९ मध्ये ॲस्ट्रल नावाचा अभ्यास आला, ८०६ पेशंटचा. २०१४ मध्ये कोरल, ९४७ पेशंटचा. हे सगळे काकांसारखे, चरबी साठून धमनी अरुंद झालेले. निम्म्यांना चांगली औषधं, निम्म्यांना तीच औषधं आणि वर स्टेंट. कोरलमध्ये साधारण साडेतीन वर्षांनी पाहिलं तर हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनी निकामी होणं, मृत्यू अशा घटना स्टेंटवाल्या गटात ३५.१ टक्क्यांना आणि नुसत्या औषधांच्या गटात ३५.८ टक्क्यांना झाल्या होत्या. म्हणजे फरक नाहीच. वरच्या बीपीत फरक पडला, पण जेमतेम दोन पॉइंटचा.

"कारण त्यांच्या बाबतीत अरुंद धमनी हे बीपीचं कारण असेलच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बरेचदा बीपी, साखर, तंबाखू यांनीच वर्षानुवर्षं धमनी खराब केलेली असते. किडनीच्या आतल्या बारीक वाहिन्याही गेलेल्या असतात. मोठी नळी उघडून त्या परत येत नाहीत. शिवाय स्टेंट घालताना चरबीचे कण सुटून किडनीत अडकू शकतात. त्यांचं बीपी गोळ्यांवर १३६ आहे. त्यांना फुप्फुसात अचानक पाणी भरायला लागलं, किंवा दोन्ही बाजू बंद होऊन किडनी झपाट्याने उतरायला लागली, तर मी स्वतः स्टेंट घाल म्हणून सांगेन."

मी बाहेर येऊन काकांना जमेल तसं सांगितलं: ज्यांना घातला आणि ज्यांना नाही घातला, त्यांच्यात फरक पडला नाही, आणि हे श्रीमंत देशांतल्या लोकांवरच बघितलंय. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गोळ्या घे आन् तंबाकू सोड, असं म्हनली बाई. तंबाकू सोडण्यापरीस स्टेंट सोपा हाय की पोरी." सून तोंडावर पदर धरून हसली. पण त्यांचा चेहरा आधीपेक्षा मोकळा दिसत होता. आपल्याला नाकारलं गेलं नाही, एवढं तरी कळलं होतं.

*

माझी केस वेगळी होती. वय कमी, किडनी अजून जिवंत, अरुंदी एकाच जागी, चार गोळ्यांवरही बीपी १५८. सूज आता शांत होती. डॉक्टरांनी ठरवलं ते असं: आधी नुसता फुगा, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच स्टेंट. काही तरुण बायकांमध्ये फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया नावाच्या दुसऱ्याच कारणाने ही धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते, तिथे बहुधा फुग्यावरच काम भागतं. टाकायासूत भिंत जाड आणि चिवट असते. आणि स्टेंट एकदा बसला की काढता येत नाही, तोही आतून पुन्हा अरुंद होऊ शकतो.

कॅथलॅब थंड असते हे सगळे सांगतात. कोणी सांगत नाही ते हे की तुम्ही पूर्ण जागे असता. जांघेत भूल दिली, एक नळी घातली. पुढचं मला फक्त पडद्यावर कळत होतं. डाय सोडला की पोटात आणि खाली गरम लाट जाते, लघवी झाली की काय असं वाटतं. पडद्यावर डावी किडनी दिसली, पावसाळ्यातल्या झाडासारखी, बारीक फांद्यांपर्यंत भरलेली. उजवी बघवत नव्हती. एक दोऱ्याएवढी रेघ, आणि पलीकडे दोन-चार काटक्या.

तार पलीकडे गेली. फुगा फुगवला. उजव्या कुशीत खोल कुठेतरी कळ आली, दातदुखीसारखी. "दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं. "थोडं." "थोडं चालेल. खूप दुखलं तर लगेच सांग." खूप दुखणं म्हणजे धमनी फाटायची भीती, हे मी वाचून गेले होते. ते वाचलं नसतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. फुगा सोडला. पुन्हा डाय. नळी उघडली होती आणि दोन मिनिटांत आमच्या डोळ्यांदेखत परत आकसली. दुसऱ्यांदाही तेच. मग डॉक्टर शांतपणे म्हणाले, "स्टेंट लागेल." सहा मिलिमीटर रुंद, अठरा मिलिमीटर लांब. माझ्या करंगळीच्या एका पेराएवढासुद्धा नाही.

पुढच्या डायला उजव्या बाजूच्या काटक्यांना फांद्या फुटल्या. एवढंच मला आठवतंय. टेक्निशियन हळूच म्हणाला, "झकास." बाहेर आल्यावर एक मावशी जांघेवर वीस मिनिटं दाबून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मुलाच्या दहावीच्या टक्क्यांबद्दल बोलत राहिल्या. सहा तास पाय हलवायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हाताचं बीपी १३८/८६ होतं. पुढच्या दोन महिन्यांत चार गोळ्यांची एक झाली. शून्य नाही झाली, होईल असं कोणी म्हटलंही नव्हतं. डाव्या हाताचं काही केलं नाही. आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांनी तिकडे आपली वाट काढली होती.

*

स्टेंटनंतर चार महिन्यांत माझा चेहरा उतरला आणि स्थळांचे फोन परत सुरू झाले. मावशीचं म्हणणं साधं होतं, "स्टेंट आत असतो, बाहेरून दिसतो थोडाच? लग्न झाल्यावर सांग हळूहळू." आई काही बोलली नाही, म्हणजे तिला ते पटलं होतं.

मी डॉक्टरांना मुलाबद्दल विचारलं होतं. त्यांनी उत्तर सरळ दिलं. मूल होऊ शकतं, पण ठरवून. त्याआधी आजार किमान सहा महिने शांत हवा. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक, ते काही महिने आधी थांबवायचं. बीपीच्या काही गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत, त्या बदलायच्या. बीपी वाढायचा धोका इतरांपेक्षा जास्त, म्हणून सगळं मोठ्या हॉस्पिटलात, लक्ष ठेवून. हे एवढं सगळं लग्नानंतर 'हळूहळू' कसं सांगणार?

कराडच्या एका मुलाला मी पोह्यांच्या बशा आत जायच्या आधी गॅलरीत सांगितलं. सात मिनिटं लागली. त्याने नीट ऐकलं, 'थँक्स फॉर टेलिंग' म्हणाला. दोन दिवसांनी त्याच्या वडिलांचा मेसेज आला की पत्रिका जुळत नाही. पंधरा दिवसांपूर्वी सत्तावीस गुण जुळले होते. मला वाईट वाटलं, पण अपमान वाटला नाही. त्याला ठरवायला जे लागतं ते मी दिलं होतं, आणि त्याने ठरवलं.

त्यानंतर बाबांनी जे केलं ते मला सांगितलं नाही. बायोडेटाची फाइल त्यांच्या मोबाइलवर असते. मला एका मैत्रिणीकडून ती फॉरवर्ड होऊन आली. उंची, शिक्षण, गोत्र, अपेक्षा, आणि त्याच्या आधी एक नवीन ओळ: 'प्रकृती: रक्तवाहिन्यांचा आजार, उपचार व्यवस्थित चालू, तपशील मुलगी स्वतः सांगेल.' बाबा आयुष्यभर एसटीच्या डेपोत कारकून होते, त्यांच्या अर्जात कुठला रकाना कधी रिकामा राहिला नाही. मावशी महिनाभर आमच्याशी बोलली नाही. फोन कमी झाले. जे आले, त्यांनी निदान ती ओळ वाचून केले होते.

*

गेल्या दिवाळीला मी घरातल्या सगळ्यांचं बीपी मोजलं, दोन्ही हातांचं. दोन हातांत थोडा फरक सगळ्यांनाच असतो. तो सतत दहा-पंधराच्या पुढे असेल तर मात्र कोणालातरी दाखवायला हवं, आणि पुढे नेहमी जास्त आकड्याच्या हातावर मोजायला हवं. आमच्याकडे सगळ्यांचे हात सारखे निघाले. पण आईचं, दोन्ही हातांवर, १६२ होतं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं, तेवढंच. वर्षभर ती माझ्या हाताला पट्टा बांधत होती, स्वतःच्या हाताला एकदाही नाही. तिचं बीपी साधं होतं, वयाचं आणि घराण्याचं. आता ती रोज एक गोळी घेते आणि तिचं १३० असतं. "टेन्शन कमी केलं मी," असं ती शेजारी सांगते. मी दुरुस्त करत नाही. गोळी घेतेय एवढं पुरे.

माझ्या पाकिटात आधारकार्डाच्या मागे एक चिठ्ठी आहे: 'बीपी फक्त उजव्या हातावर मोजावे.' उद्या कुठे चक्कर येऊन पडले आणि कोणी डावा हात धरला, तर त्याला सगळं ठीक दिसेल, म्हणून.

दर सहा महिन्यांनी डॉप्लर होतो. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते, तसं अरुंद जागेतून रक्त वेगाने जातं. डॉप्लर तो वेग मोजतो. मागच्या वेळी स्टेंटमधला वेग आधीपेक्षा थोडा वाढलेला होता. बीपी मात्र तिथेच, एका गोळीवर. "काळजीचं नाही, पण सहा नाही, तीन महिन्यांनी ये," डॉक्टर म्हणाल्या. ते तीन महिने पुढच्या मंगळवारी संपतात. वेग वाढला असेल तर कदाचित पुन्हा फुगा. नसेल तर पुन्हा सहा महिने. रजेचा अर्ज टाकलाय, कारणाच्या रकान्यात 'वैद्यकीय तपासणी' लिहिलंय. बाबा सोबत येणार आहेत.